ठासणीची रायफल : नळीची झीज व दुरुस्ती

जिच्या नळीत तोंडाकडून प्रथम दारू व तीवर गोळी घालून ती गजाने बुडापर्यंत ठासतात आणि जिच्या नळीच्या अंतःपृष्ठावर पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात, अशा बंदुकीला ठासणीची रायफल म्हणतात. खाचांमुळे गोळीला स्वतःच्या अक्षाभोवती फिरकी मिळते व तिचा मार्ग स्थिर होतो. वापराने, गंजाने अथवा हयगयीमुळे नळी झिजली म्हणजे ही फिरकी अनिश्चित होते. बार पूर्वीसारखाच उडतो, आवाजही तसाच होतो; पण गोळी नेमाच्या जागी लागत नाही. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत यूरोप व उत्तर अमेरिका येथे अशी नळी पुन्हा कामास आणणे हा बंदूक कारागिराच्या धंद्याचा नित्याचा भाग होता. सैन्यातून ही रायफल केव्हाच नाहीशी झाली असली, तरी नेमबाजीचा खेळ, काही देशांतील शिकार आणि शस्त्रसंग्रह यांत तिला अजून स्थान आहे व त्यामुळे झिजलेल्या नळीचे काय करावे, हा प्रश्नही टिकून आहे. अचूकता एकट्या नळीत नसून नळी, गोळी व या दोहोंमधील कापड यांच्या मेळात असते, हे या विषयातील मुख्य तत्त्व होय. दुरुस्तीचे सर्व उपाय या तत्त्वावरच आधारलेले आहेत.

नळीची घडण : पिळाच्या खाचा असलेल्या बंदुका मध्य यूरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सोळाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंतच्या काळात प्रचारात आल्या. जर्मन शिकारी वापरीत असलेली आखूड व जाड नळीची ‘येगर’ रायफल हा तिचा एक प्रगत प्रकार होता. जर्मन भाषक कारागिरांनी ही विद्या अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात नेली. लँकेस्टर व त्याच्या आसपासच्या गावांत लांब नळीची व लहान व्यासाची जी रायफल घडली, ती पुढे ‘केंटकी रायफल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ब्रिटिश सैन्यात १८०० मध्ये इझीकिएल बेकर या लंडनच्या बंदूक कारागिराची रायफल स्वीकारण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंट लूइस येथील जेकब व सॅम्युएल हॉकेन या बंधूंच्या आखूड, दणकट रायफली अमेरिकेच्या पश्चिम भागातील शिकाऱ्यांत प्रसिद्धी पावल्या.

या जुन्या रायफलींच्या नळ्या बहुधा घडीव लोखंडाच्या असत. लोखंडाची जाड पट्टी तापवून गजाभोवती वळवीत, तिच्या कडा ठोकून सांधीत आणि आतील भोक क्रमाक्रमाने मोठे व गुळगुळीत करीत. नंतर एका लाकडी यंत्रावर खाचा कापीत. या यंत्राचा मार्गदर्शक दंड पिळदार असल्यामुळे त्याला जोडलेला गज पुढेमागे सरकताना ठराविक प्रमाणात फिरे आणि गजाच्या टोकातील छोटे पोलादी पाते नळीत त्याच पिळाची खाच कापी. एका वेळी एकच खाच, तीही अनेक फेऱ्यांत, कागदासारख्या पातळ थरांनी कापावी लागे. अमेरिकन लांब रायफलीत पुष्कळदा सात खाचा असत आणि सु. १२२ सेंमी. लांबीत एक पूर्ण वेढा होईल, इतका पीळ सामान्यतः ठेवीत. नळीची लांबी सु. १०० ते ११५ सेंमी. असल्याने गोळी बाहेर पडेपर्यंत तिचा एक वेढाही पुरा होत नसे. खाचांच्या मधल्या उंच पट्ट्यांना कंगोरे म्हणतात. घडीव लोखंड मऊ असल्याने ते कापावयास सोपे असते, पण त्याच कारणाने ते लवकर झिजते. नळीची झीज व तिची दुरुस्ती या दोन्ही गोष्टी अशा रीतीने एकाच गुणधर्मातून निर्माण होतात.

अचूकतेचे तत्त्व : ठासणीच्या रायफलीतील गोल गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते. ती वंगण लावलेल्या कापडाच्या चिंधीत धरून ठासतात. चिंधी खाचांत शिरते, कंगोऱ्यांवर दाबली जाते, दारूच्या वायूला अटकाव करते आणि नळीचा पीळ गोळीकडे पोहोचविते. शिशाचा व लोखंडाचा प्रत्यक्ष स्पर्श जवळजवळ होतच नाही. नळीबाहेर पडताच चिंधी गळून पडते व गोळी पुढे जाते.

या मेळात किती सूक्ष्म अंतरांचा प्रश्न असतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. कंगोऱ्यांपाशी मोजलेला नळीचा व्यास १२.७० मिमी. व प्रत्येक खाचेची खोली ०.२५ मिमी. असल्यास खाचांच्या तळांमधील व्यास १३.२० मिमी. भरतो. अशा नळीत १२.४५ मिमी. व्यासाची शिशाची गोळी व ०.३८ मिमी. जाडीची चिंधी वापरली, तर गोळी व दोन्ही बाजूंचे कापड मिळून १३.२१ मिमी. होतात. म्हणजेच कापड खाचांच्या तळाला भिडते आणि कंगोऱ्यांपाशी ते सु. ०.१३ मिमी.च्या फटीत आवळले जाते. हीच नळी झिजून कंगोऱ्यांपाशी १२.९० मिमी. व खाचांच्या तळापाशी १३.२५ मिमी. झाली, तर खाचेतील फट ०.४० मिमी. होते व ०.३८ मिमी. जाडीचे कापड तेथे अपुरे पडते. तप्त वायू त्या फटीतून पुढे निसटतो, चिंधी जाळतो आणि गोळीवरील पकड सैल करतो. कागदाच्या जाडीपेक्षाही कमी असलेल्या या फरकाने चांगली रायफल निरुपयोगी ठरू शकते. उलट, या झिजलेल्या नळीत तीच चिंधी व १२.५७ मिमी. व्यासाची गोळी वापरली, तर दोहोंची बेरीज १३.३३ मिमी. होऊन फट पुन्हा बुजते. नळीला हातही न लावता केवळ ०.१२ मिमी.ने मोठी गोळी घेतल्याने मेळ पूर्ववत होऊ शकतो.

झिजेची कारणे : नळीच्या झिजेची तीन प्रमुख कारणे आहेत.

पहिले कारण गंज हे होय. बंदुकीच्या काळ्या दारूत सामान्यतः ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असते. तिच्या ज्वलनानंतर वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप अवशेष म्हणून उरतो. त्यात पोटॅशियमाची कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड इ. लवणे असतात. हा अवशेष हवेतील ओलावा शोषून घेतो व लोखंड गंजवितो. आघाताने पेटणाऱ्या टोप्या आल्यावर त्यांतील पोटॅशियम क्लोरेटापासून उरणाऱ्या क्लोराइडाची त्यात भर पडली. बार उडविल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेल न लावल्यास थोड्याच काळात तीत बारीक खळगे पडतात. नळीच्या बुडाशी अवशेष अधिक साचत असल्याने तेथील खळगे सर्वांत खोल असतात.

दुसरे कारण गज हे होय. प्रत्येक बाराला गज निदान एकदा आत जातो व बाहेर येतो. लाकडी गजात रुतलेले वाळूचे कण आणि धातूच्या गजाची कडक बाजू ही दोन्ही नळीच्या तोंडाजवळचे कंगोरे घासतात. गज बहुधा एकाच बाजूला झुकवून धरला जात असल्याने तोंड एकाच अंगाने अधिक झिजते. ही झीज सर्वांत घातक असते. कारण गोळीचा नळीशी अखेरचा संबंध तोंडाशी येतो. तोंडाची एक कड खचलेली असल्यास त्या बाजूने वायू आधी निसटतो व बाहेर पडणाऱ्या गोळीला बाजूला ढकलतो. मॅसॅचूसेट्समधील ॲल्व्हन क्लार्क यांनी यावर एक उपाय शोधून १८४० मध्ये त्याचे एकस्व घेतले. नळीला तिच्याच खाचांशी जुळणारा, काढता-घालता येणारा तोंडाचा तुकडा जोडून त्यातून गोळी ठासावयाची व बार उडविण्यापूर्वी तो काढून ठेवावयाचा, अशी ही योजना होती. त्यामुळे गजाची झीज त्या तुकड्यावर होई व खरे तोंड अबाधित राही. दूरदर्शकांच्या मोठ्या भिंगांचे निर्माते म्हणून पुढे जगभर ख्याती पावलेले क्लार्क ते हेच होत.

तिसरे कारण तप्त वायूंचा मारा हे होय. त्याचा परिणाम मुख्यत्वे कानाच्या छिद्रावर होतो. चकमकीच्या रायफलीत रंजकाची ज्वाला ज्या छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते, ते छिद्र प्रत्येक बारागणिक थोडे रुंदावते. त्यामुळे दाब कमीअधिक होऊ लागतो व गोळीचा वेग एकसारखा राहत नाही. उत्तम प्रतीच्या बंदुकांत या छिद्राला सोन्याचे किंवा प्लॅटिनमाचे अस्तर देत. कानातील हा दोष पुष्कळदा नळीचा दोष समजला जातो, म्हणून तो आधी तपासून घेणे आवश्यक असते.

तपासणी : जुन्या रायफलीच्या तपासणीत ती भरलेली नाही ना, हे सर्वप्रथम पाहावे लागते. कित्येक दशके भिंतीवर टांगलेल्या बंदुका भरलेल्या निघाल्याची उदाहरणे आहेत व काळी दारू कोरडी राहिल्यास वर्षानुवर्षे जिवंत राहते. गज नळीत बुडापर्यंत घालून त्यावर खूण करतात व तोच गज नळीच्या बाहेर लावून पाहतात. खूण व कान यांच्यात अनपेक्षित अंतर आढळले, तर आत काहीतरी आहे असे समजून नळी जाणकाराच्या स्वाधीन करतात.

त्यानंतर नळी स्वच्छ करून घट्ट बसणारी तेलकट चिंधी गजाच्या टोकाला लावून सावकाश आत सरकवितात. ती जेथे सैल पडते तेथे नळी रुंदावलेली असते. जेथे अडखळते तेथे गंज, खळगे किंवा अरुंद जागा असते. अनुभवी कारागीर हाताला जाणवणाऱ्या या फरकावरून झिजेचा जणू नकाशाच तयार करतो. नेमक्या मापासाठी मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकून काढतात किंवा कमी तापमानाला वितळणाऱ्या बिस्मथयुक्त मिश्रधातूचा ठसा घेऊन कंगोऱ्यांचा व खाचांचा व्यास मोजतात. नळीचा सांधा उकललेला, भिंत फुगलेली किंवा बुडाशी खोल खळगे पडलेले आढळल्यास अशी नळी उडविण्यायोग्य राहत नाही. फुगवटा हा पूर्वी गोळी बुडापर्यंत न ठासता बार उडविल्याचाही पुरावा असतो. दारू व गोळी यांच्यात राहिलेली मोकळी जागा नळी फोडू शकते.

रायफल सुरक्षित ठरल्यावर तीन-चार बार उडवून पुढे पडलेल्या चिंध्या गोळा करतात. या चिंध्या नळीची अवस्था फार स्पष्टपणे सांगतात. चिंधी अखंड असून मध्ये काजळी व भोवती खाचांचे एकसारखे ठसे असतील, तर मेळ योग्य असतो. गोळीच्या कडेने जळून भोके पडलेली असल्यास वायू निसटत असतो; म्हणजे गोळी लहान, कापड पातळ किंवा खाचा खोल असतात. सरळ चिरा पडलेल्या असल्यास कंगोऱ्यांची किंवा तोंडाची धार कापडाला कापीत असते. चिंधीचे तुकडेच झाले असतील, तर कापड कच्चे असते किंवा नळी खडबडीत असते.

दुरुस्तीचे उपाय : सौम्य उपाय आधी व धातू काढून टाकणारे उपाय नंतर, हा दुरुस्तीचा सर्वमान्य क्रम आहे. कापड बदलल्यास पुन्हा पहिले घेता येते; कापलेले लोखंड परत जोडता येत नाही.

सफाई : झिजलेली म्हणून टाकून दिलेली नळी अनेकदा केवळ माखलेली असते. खाचांत साचलेला जुना अवशेष व शिसे गरम पाणी, तेल आणि पितळी ब्रश यांनी काढल्यावर खाचा पुन्हा मोकळ्या होतात व नळी जुळते.

गोळी व चिंधी यांची निवड : नळीचे माप घेऊन तिला अनुरूप गोळी ओतणे व कापडाची जाडी बदलणे, हा सर्वांत स्वस्त व पुष्कळदा पुरेसा उपाय होय. कापड घट्ट विणीचे सुती किंवा लिननचे असावे लागते. सैल विणीचे कापड जळते. गोळी शुद्ध शिशाची व आत पोकळी न राहिलेली असावी लागते. गोळी फार घट्ट बसल्यास ती ठासताना ठोकावी लागते, तिचा आकार बिघडतो व गज मोडण्याचा संभव असतो. दारूचे प्रमाण कमी केल्यानेही झिजलेल्या नळीचे नेम पुष्कळदा जवळजवळ येतात. कारण दाब कमी झाला की चिंधीवरील ताण कमी होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असा या प्रयोगातील दंडक आहे. एरव्ही सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

घोटाई : नळीत थोडा खडबडीतपणा असल्यास गजाच्या टोकाभोवती नळीतच शिसे ओतून खाचांना तंतोतंत बसणारा गट्टू तयार करतात. त्याला कुरुविंदाची बारीक पूड व तेल लावून तो नळीत अनेक वेळा पुढेमागे ओढतात. त्यामुळे चिंधी फाडणाऱ्या धारा बोथट होतात. खोल खळगे मात्र घोटाईने जात नाहीत. ते घालविण्याच्या नादात नळीच रुंदावते.

तोंडाची दुरुस्ती : झीज तोंडाशीच असल्यास त्याची कड नळीच्या अक्षाशी काटकोनात सपाट करून कंगोऱ्यांच्या टोकांना सर्व बाजूंनी सारखा उतार देतात. एवढ्यानेही गोळ्यांचा विखुरलेपणा लक्षणीय प्रमाणात कमी होतो. झीज काही सेंमी. आतपर्यंत गेली असेल, तर तेवढा भाग कापून टाकतात. अशा वेळी पुढची माशी मागे सरकवावी लागते. माशी व नेम धरण्याची मागील खाच यांतील अंतर घटते आणि लाकडी दस्त्याचे टोक व गजही आखूड करावे लागतात. बुडाची बाजू खराब असल्यास बूच काढून तेथील भाग कापतात, नव्याने आटे पाडतात व नळी मागे सरकवून बसवितात.

खाचा ताज्या करणे : नळी सर्वत्र झिजलेली असल्यास जुने अमेरिकन कारागीर ती ‘ताजी’ करीत. या कृतीला खाचा कापण्याचे मोठे यंत्र लागत नसे, हे तिचे वैशिष्ट्य होते; कारण नळीतील जुना पीळच नव्या कापणीचा मार्गदर्शक होई. बुडाचा बूच काढून नळीत एक लाकडी गज घालीत व त्याच्या टोकाभोवती शिसे ओतीत. थंड झालेल्या शिशावर खाचांचा ठसा उमटे, त्यामुळे तो गट्टू ओढताना खाचांच्याच मार्गाने फिरत जाई. या शिशात करवतीसारख्या दातांचे लहान पोलादी पाते बसवीत. तेल लावून ते एका खाचेतून ओढले की लोखंडाचा अगदी पातळ थर निघे. मग गट्टू बाहेर काढून, फिरवून पुढील खाचेत घालीत. सर्व खाचांची एक फेरी पूर्ण झाली म्हणजे पात्याखाली कागदाचा एक तुकडा सरकवीत. त्यामुळे पाते किंचित वर येई व पुढील फेरीत तेवढीच खोली वाढे. खाचा खोल व स्वच्छ झाल्यावर कंगोऱ्यांचे माथेही याच पद्धतीने किंवा लाकडी पट्टीचा आधार दिलेल्या चौकोनी रीमरने तासून सारखे करीत. अखेरीस घोटाई करीत.

ताज्या केलेल्या नळीचा व्यास अर्थातच वाढतो. म्हणून तिच्यासाठी गोळ्यांचा साचाही गोल कर्तकाने मोठा करावा लागे किंवा नवा घ्यावा लागे. त्या काळी रायफलीबरोबर तिचाच साचा देण्याची प्रथा होती, तिचे कारण हेच होय. गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने थोड्या वाढीचाही परिणाम मोठा होतो. १२.४५ मिमी. व्यासाच्या शिशाच्या गोळीचे वजन सु. ११.५ ग्रॅ. भरते, व्यास ०.४ मिमी.ने वाढल्यास ते सु. १२.६ ग्रॅ., म्हणजे जवळजवळ दहा टक्क्यांनी अधिक होते. अनेकदा ताजी केलेली रायफल त्यामुळे मूळच्यापेक्षा अधिक शिसे खाई व अधिक धक्का देई. नळीची भिंत दर वेळी पातळ होत असल्याने या उपायाला स्वाभाविक मर्यादा असे. अष्टकोनी नळ्यांच्या भिंती जाड ठेवण्याचा रिवाज या दृष्टीनेही उपयोगी पडला.

नव्याने खाचा कापणे व अस्तर घालणे : खाचा पुसल्याच गेल्या असतील, तर भोक रुंद व सरळ करून यंत्रावर नवा पीळ कापतात. अशीच कापणी शासकीय शस्त्रशाळांतही होत असे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सैन्यातील १८४२ च्या नमुन्याच्या गुळगुळीत नळीच्या अनेक बंदुकांना १८५०–६० या दशकात खाचा कापून त्यांच्या रायफली बनविण्यात आल्या. भिंत पातळ असल्यास किंवा मूळ व्यास कायम ठेवावयाचा असल्यास जुनी नळी आतून मोठी करून तीत खाचा कापलेली पोलादाची पातळ नळी अस्तराप्रमाणे बसवितात व ती डाख देऊन किंवा आसंजकाने पक्की करतात. बाहेरचे रूप, नक्षी व कारागिराचा शिक्का यांना यात धक्का लागत नाही. हे काम लेथवर, अक्ष अचूक साधून करावे लागते.

धातू काढलेल्या कोणत्याही नळीचा टिकाऊपणा पुन्हा पारखणे इष्ट असते. ब्रिटनमध्ये बंदुकांच्या नळ्यांची अधिक भाराने चाचणी घेऊन त्यांवर शिक्का मारण्याची पद्धत जुनी आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली व बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने स्थापन झाले. दुरुस्त केलेल्या नळीतही केवळ काळी दारू किंवा तिच्या जागी वापरण्यासाठीच बनविलेले पर्यायी मिश्रण वापरावयाचे असते. धूरविरहित दारूचा दाब अशा नळ्यांना झेपत नाही व त्या फुटून नेमबाजाचा हात वा डोळा जाऊ शकतो.

पसरणारी गोळी : झिजलेल्या वा मळलेल्या नळीतही मेळ साधण्याचा एक निराळा मार्ग लष्करी तंत्रज्ञांनी शोधला. नळीत सहज उतरणारी, पण बार उडताच फुगून खाचा भरणारी गोळी ही ती कल्पना होय. फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिन्ये यांची बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी १८४९ मध्ये पुढे आली. तिच्या पोकळीतील लोखंडी पेला वायूच्या दाबाने आत घुसून शिशाची कड पसरवी. अमेरिकेतील जेम्स बर्टन यांनी पेल्याशिवाय पसरणारी सुधारित गोळी तयार केली व १८५५ मध्ये ती तेथील सैन्यात स्वीकारण्यात आली. अशा गोळीमुळे ठासणे सोपे झाले व थोडी झीज आपोआप भरून निघू लागली. तथापि तोंडाची एकांगी झीज या गोळीनेही दुरुस्त होत नाही.

ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीचा व्यास ०.५७७ इंच (सु. १४.६६ मिमी.) असून तीत तीन खाचा होत्या. तिची गोळी वंगण लावलेल्या कागदाच्या काडतुसात असे. हे वंगण अवशेषाने माखलेल्या नळीतून गोळी सहज सरकावी म्हणून होते. काडतूस दातांनी तोडण्याची पद्धत असल्यामुळे त्याला गाईची व डुकराची चरबी लावल्याच्या शंकेने बंगाल सैन्यातील शिपायांत असंतोष पसरला व १८५७ च्या उठावाचे ते एक तात्कालिक कारण ठरले. गोळी व नळी यांच्या मेळाचा तांत्रिक प्रश्न अशा रीतीने भारताच्या इतिहासाशीही जोडला गेला आहे.

ऐतिहासिक मूल्य व कायदा : ठासणीच्या रायफलींच्या नेमबाजीचे पुनरुज्जीवन विसाव्या शतकात झाले. अमेरिकेतील या क्षेत्रातील राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली व इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप हे गाव तिचे केंद्र बनले. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील पद्धतीने संपूर्ण रायफल हाताने घडविण्याची विद्या पुन्हा हस्तगत करण्यात आली व तिच्यावर १९६९ मध्ये एक माहितीपटही निघाला. नव्या पोलादी नळ्यांच्या प्रतिकृती उपलब्ध झाल्याने अस्सल जुनी रायफल उडविलीच पाहिजे, अशी निकड आता राहिलेली नाही.

जुनी नळी ही एक ऐतिहासिक साधन असते. जुन्या लांब रायफलींच्या अनेक नळ्या बुडाशी जाड, मध्ये बारीक व तोंडाशी पुन्हा किंचित रुंद अशा असत. तोंडाचा हा फुगार नाहीसा झालेला असल्यास नळी पूर्वी कापलेली असल्याचे कळते. गज धरणाऱ्या नळ्यांची असमान अंतरे, माशीची रिकामी जुनी खाच, साच्यापेक्षा मोठा असलेला नळीचा व्यास या खुणांवरून ती रायफल किती वापरात होती, किती हातांतून गेली व कितीदा ताजी झाली, याचा अंदाज करता येतो. नव्या दुरुस्तीने या खुणा कायमच्या पुसल्या जातात. त्यामुळे संग्रहालयांत केवळ गंज थांबविणे व नळी आहे त्या स्थितीत जतन करणे हे धोरण योग्य मानतात.

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, रानडुकरे व वानरे यांपासून पिकांचे रक्षण करण्यासाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका बहुतांशी गुळगुळीत नळीच्या असतात. त्यांना खाचांविषयीचे वरील उपाय लागू पडत नाहीत. गंज, कान व नळीची सुरक्षितता यांविषयीचे विवेचन मात्र त्यांनाही लागू आहे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकांची दुरुस्ती वा चाचणी यांचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि बंदुकीची नळी आखूड करण्यासही स्वतंत्र परवान्याची अट आहे. म्हणून तोंड कापण्यासारखा साधा वाटणारा उपायही येथे मालकाला स्वतः करता येत नाही.

झिजलेली नळी दुरुस्त करणे म्हणजे ती मूळच्या मापावर परत नेणे नव्हे. ते अस्तराखेरीज शक्यही नसते. नळीचे आजचे माप ओळखून गोळी, कापड व दारू यांचा तिच्याशी नवा मेळ बसविणे, हे या कामाचे मर्म होय. जुने कारागीर पाते हाती घेण्यापूर्वी चिंधी तपासून पाहत, ते याच कारणाने.